धर्मराज गुरुजींचं उघडं टकुरं

धर्मराज गुरुजींना मी पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी मी डोक्यासकट घरी परत आलो, हे माझ्या बायकोला अजूनही खरं वाटत नाही.

बोरगव्हाणच्या जिल्हा परिषद शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि मी प्रमुख पाहुणा होतो. ज्यांना बोलवायचं होतं ते येणार नव्हते, आणि मी विनोदी भाषणं करणारा माणूस असल्यामुळे बहुतेक रिकामाच असतो. जालन्याहून जांब समर्थकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथून आत बोरगव्हाण. शाळेच्या फाटकात मी गाडीतून एक पाय खाली ठेवला, तोच कुणीतरी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या दातांत कापडाचं टोक दिलं.

"गच्च धरा, सर," आवाज आला.

मी धरलं. कापडाचं दुसरं टोक कुठे होतं ते मला आजही सांगता येणार नाही, बहुधा परतूर तालुक्याच्या हद्दीत असावं. तिकडून एक किडकिडीत, बुटका माणूस ते कापड पिळत पिळत माझ्या दिशेने येत होता. त्याच्या चेहऱ्यावर विहिरीवरून भरलेली घागर ओढणाऱ्याची एकाग्रता होती. पहिल्या वेढ्याला माझे कान आत गेले. दुसऱ्या वेढ्याला भुवया वर सरकल्या आणि माझ्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटलं ते कार्यक्रम संपेपर्यंत उतरलं नाही. तिसऱ्या वेढ्याला मला बालपणीच्या गोष्टी आठवल्या. चौथ्या वेढ्याला दुसऱ्यांच्या बालपणीच्याही आठवू लागल्या. मग त्या माणसाने वर तुरा काढला, मागे शेमला सोडला, दोन पावलं मागे सरकून आंब्याची पाड लागलेली फांदी पाहावी तसं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कसा बसलाय?"

"मेंदूवर," मी म्हणालो.

तो माणूस इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. हे धर्मराज मिसाळ गुरुजी. त्या दिवशी मी स्टेजवर काय बोललो मला माहीत नाही, पण गावातले लोक म्हणतात, तसलं भाषण मी पुन्हा कधी केलं नाही. घरी आलो तेव्हा फेटा काढायला शेजारच्या डॉक्टरांना बोलवावं लागलं.

असा फेटा बांधणारा माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. लग्न असो, सप्त्याची सांगता असो, सरपंचाची मिरवणूक असो, निरोप धर्मराज गुरुजींना जायचा. शाळा सुटली की ते मोटारसायकलला पिशवी अडकवून निघायचे. पिशवीत जुन्या जालन्याच्या कापड दुकानातून स्वतः निवडून आणलेली फेट्याची कापडं. त्यांनी बांधलेला फेटा घालून माणसं उसाच्या ट्रॉलीवर नाचली, पण फेटा हलला नाही. एकदा एक नवरदेव फेट्यासकट शेततळ्यात पडला. नवरदेवाला बाहेर काढावं लागलं, फेटा मात्र आतून कोरडा होता, असं गुरुजी सांगायचे. मी विश्वास ठेवला. माझ्या डोक्याला अनुभव होता.

पण या माणसाच्या स्वतःच्या डोक्याला कधीच फेटा लागला नव्हता. स्वतःच्या हाताने बांधला असता, पण त्यांचा नियम होता: फेटा दुसऱ्याने बांधायचा असतो. आपणच आपल्या डोक्याला बांधला तर तो फेटा नव्हे, नुसतं ऊन लागू नये म्हणून केलेली तजवीज. आणि दुसऱ्याने त्यांना बांधावा असं निमित्त कधी आलं नाही. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव दरवर्षी तालुक्याला जायचं आणि तालुक्याची हवा मानवत असल्यासारखं तिथेच राहायचं.

"अहो, लग्नात तरी?" मी एकदा विचारलं.

उत्तर गुरुजींऐवजी त्यांच्या पत्नीने दिलं. झुंबरबाई चहा घेऊन आल्या होत्या. "लग्नात? आमच्या लग्नात ह्यांनी साऱ्या वऱ्हाडाला फेटे बांधले. माझ्या मामाला बांधला, बँडवाल्याला बांधला. ह्यांची पाळी आली तवर कापड सरलं. टोपीवर बाशिंग बांधून उभे राह्यले. साऱ्या तालुक्याच्या टकुऱ्याला फेटे अन् आपलं टकुरं उघडंच!"

"झालं का तुझं?" गुरुजी म्हणाले.

"न्हाई झालं. फोटू बघा, सर. बँडवाला नवरदेव दिसतो."

फोटो खरोखर भिंतीवर होता. बँडवाला खरोखर नवरदेव दिसत होता.

गुरुजींच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि त्याच वर्षी शिक्षकांच्या नशिबी डिजिटल बॅज आले. फोनमध्ये एक ॲप. त्यात प्रशिक्षणाचे व्हिडिओ, व्हिडिओनंतर प्रश्न, आणि प्रश्न सुटले की फोनवर एक रंगीत गोल बिल्ला उगवायचा. पहिला निळा, 'जिज्ञासू'. मग हिरवा 'प्रयोगशील', मग 'मूल्यमापक', आणि सगळ्यात वरचा सोनेरी, 'मार्गदर्शक'.

हे बॅज मिळवण्याची एक पद्धत आमच्याकडे लगेच ठरून गेली. आसपासच्या गावांतल्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि सगळे शिक्षक महिन्यातून एकदा केंद्राच्या शाळेत परिषदेला जमतात. त्या परिषदेत सतरंजीवर सगळ्यांचे फोन ओळीने मांडले गेले आणि मधोमध साजिया मॅडम बसल्या. साजिया शेख या गुरुजींच्याच शाळेत तिसरीला शिकवायच्या, अंबडहून स्कूटीवर यायच्या आणि फोनच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. तव्यावरच्या भाकरी उलटाव्यात तशा त्या एकेका फोनवर 'पुढे, पुढे, पुढे' दाबत गेल्या. बाकीचे शिक्षक भिंतीला टेकून पोहे खात होते. तासाभरात सतरंजीवर टिणटिण सुरू झाली. सगळे जिज्ञासू झाले. पोह्यांची दुसरी प्लेट येईपर्यंत प्रयोगशीलही झाले. केंद्रप्रमुख राधेश्याम सरांचाही फोन ओळीत होता, त्यामुळे तक्रार करणारं कुणी उरलं नव्हतं.

फक्त धर्मराज गुरुजींनी आपला फोन खिशातून काढला नाही.

"द्या ना सर, जल्दी होऊन जाईल," साजिया मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझं तुमी शिकल्यावर मंग मी काय करू?"

"अहो सर, मी तरी कुठं शिकून राह्यले?"

गुरुजींनी सगळे व्हिडिओ घरी, ओसरीवर बसून, फोन तांब्याला टेकवून पाहिले. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, 'नमस्कार, शिक्षक मित्रांनो', की गुरुजी म्हणायचे, "नमस्कार मॅडम." बाईंनी विचारलं, 'तुमच्या वर्गात असं घडतं का?' की हे सांगायचे, "घडतं मॅडम, कालच घडलं." आणि मधेच पडद्यावर 'थांबा आणि विचार करा' असं आलं, की महाराष्ट्रातले बाकी सगळे शिक्षक जिथे 'पुढे' दाबायचे तिथे गुरुजी खरोखर थांबायचे आणि विचार करायचे. म्हशीचं दूध काढताना विचार करायचे, मोटारसायकल बाजूला लावून विचार करायचे. दुसऱ्या दिवशी विचार पूर्ण झाला की व्हिडिओ पुढे सरकायचा.

झुंबरबाईंना हे पटेना. "कोण हाय ही बाई? कालपासून तुमाला इचार करायला लावून राह्यली. मी लग्न झाल्यापासून सांगून राह्यले जरा इचार करा, तवा न्हाई केला कधी!"

महिनाभराने पहिला बॅज आला. गुरुजींनी फोन दोन्ही हातांवर ठेवून स्वयंपाकघरात नेला.

"बॅज मिळाला."

झुंबरबाईंनी पदराला हात पुसले. "बघू. कुठंय?"

"ह्याच्यात."

"मंग बाहेर काढा की."

"बाहेर न्हाई येत. डिजिटल हाय."

घरात मान आला आणि तो काचेच्या आत आहे, म्हणून त्याला ओवाळायचं नाही, हे झुंबरबाईंच्या संस्कारात बसणारं नव्हतं. त्यांनी फोन पाटावर ठेवला, निरांजन लावलं, आणि ओल्या बोटाने बॅजला कुंकू लावलं. ते बोट बॅजवरून कुठे घसरलं देवाला माहीत, पण व्हिडिओ कॉल लागला तो थेट केंद्रप्रमुखांना. राधेश्याम सर तेव्हा जेवत होते. फोन उचलला तर पडद्यावर गोल फिरणारी आरती. सरांनी आधी घास खाली ठेवला, मग हात जोडले. आरती संपेपर्यंत ते तसेच बसून होते. शेवटी कुंकवाचा दुसरा ठिपका इकडच्या पडद्यावर त्यांच्या नाकावर आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कुणाकडून बोलताय?"

पुढचे दोन बॅज गुरुजींनी असेच थांबून आणि विचार करून मिळवले. मग डिसेंबरच्या परिषदेत राधेश्याम सरांनी जाहीर केलं की सोनेरी 'मार्गदर्शक' बॅज मिळवणाऱ्यांचा मार्चमध्ये नवीन जालन्यातल्या मोठ्या हॉलमध्ये सत्कार होणार आहे, स्टेजवर, फेटा बांधून.

भिंतीला टेकलेल्या सगळ्या माना एकदम गुरुजींकडे वळल्या. "झालं मंग!" कुणीतरी ओरडलं. "गुरुजी, आता तुमचं टकुरं झाकणार!"

गुरुजी हसले, पण घरी येऊन त्यांनी मला फोन केला. आवाज फार गंभीर होता. "सर, मे महिन्यात मी रिटायर. ही शेवटची गाडी हाय."

अडचण अशी होती की हा बॅज 'पुढे, पुढे' दाबून मिळणारा नव्हता, त्यामुळे साजिया मॅडमची बोटंही इथे थकली होती. अट होती: आपल्याला येणारं एक कौशल्य सहकाऱ्याला शिकवायचं आणि त्याचा सलग व्हिडिओ पाठवायचा. शिकणाऱ्याच्या कामाला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही. गुरुजींना कोणतं कौशल्य येतं हा प्रश्नच नव्हता. शिकायला साजिया मॅडम तयार झाल्या. राहता राहिलं डोकं. गावात कुणीही शिकाऊ हाताखाली डोकं द्यायला तयार होईना. माझ्याकडे त्यांनी एकदा आशेने पाहिलं. मी म्हणालो, "गुरुजी, माझं एकदा देऊन झालंय."

"मंग माझंच घ्या," गुरुजी म्हणाले.

जानेवारीतल्या एका शनिवारी, शाळेच्या पडवीत हा पाठ झाला. मॅडमचे हात कापडात, गुरुजींचं डोकं कापडात, म्हणून फोन धरायला मी. सगळी पोरं अंगणात मांडी घालून बसलेली. झुंबरबाई खास लुगडं नेसून आल्या होत्या.

मी शूटिंग सुरू केलं. गुरुजी खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "नमस्कार. आज आपण फेटा बांधायला शिकू. मॅडम, आधी एक टोक फेटा बांधून घेणाऱ्याच्या दातात द्यायचं."

मॅडमनी टोक त्यांच्या दातात दिलं.

आणि पाठ तिथेच थांबला.

धर्मराज गुरुजींनी आयुष्यभर हजारो माणसांचं तोंड असं बंद केलं होतं. पण आज शिकवणारेही तेच आणि डोकंही त्यांचंच, आणि दातातलं टोक सोडलं की फेटा सुटणार, हे त्यांच्या किंवा आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. हात लावायला बंदी. तोंडात कापड. व्हिडिओ सलग हवा. राहिले फक्त डोळे आणि भुवया.

"सर, आता कुठून घेऊ? उजवीकडून?" मॅडमनी विचारलं.

गुरुजींनी डावी भुवई उडवली.

"डावीकडून? बराबर?"

"हूं!"

"अन् पीळ एवढा बास का?"

"हूं हूं हूं!"

"जास्ती की कमी? अरे अल्ला, सर, नीट सांगा ना!"

गुरुजींचे हात आपोआप वर येऊ लागले. "हात! हात!" झुंबरबाई ओरडल्या. गुरुजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसले. डोळे बाहेर आले होते. पहिला फेटा जखमीच्या पट्टीसारखा झाला आणि नाकावर उतरला. मॅडमनी तो उलगडून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्याचं वारूळ झालं. पोरं हसून लोळत होती. एक पोरगी ओरडली, "मॅडम, मागून दाबा!" मॅडमनी मागून दाबलं आणि गुरुजींच्या तोंडून "हूंऽऽ" असा इतका समाधानाचा आवाज आला की मॅडमना वाट सापडली. त्या आता भुवयांकडे बघेनात. बोटांनीच कापड चाचपत, स्वतःशीच पुटपुटत एकेक वेढा घेऊ लागल्या. तिसऱ्या वेळी फेटा उभा राहिला. थोडा डावीकडे कललेला, तुरा कोंबड्यासारखा, पण फेटा.

मी शूटिंग थांबवलं. गुरुजींनी आरसा मागितला. आरसा येईपर्यंत त्यांना शिंक आली आणि सगळा फेटा उलगडून गळ्यात पडला.

"बघितला का कुणी?" त्यांनी विचारलं.

"म्या बघितला," झुंबरबाई म्हणाल्या. "व्हता थोडा वेळ."

व्हिडिओ पाठवला. तो नापास होणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. फेब्रुवारीत साजिया मॅडमनी फोन करून निकाल वाचून दाखवला. सोनेरी बॅज. खाली तपासणाऱ्यांचा शेरा होता: 'मार्गदर्शकाने अत्यल्प हस्तक्षेप करून, न बोलता, शिकणाऱ्याला चुकण्याची पूर्ण संधी दिली आहे. अनुकरणीय.'

मार्चमध्ये आम्ही सगळे जालन्याला. गुरुजी नव्या पांढऱ्या शर्टात, झुंबरबाई, साजिया मॅडम आणि मी. गुरुजींच्या खांद्याला नेहमीची पिशवी. "कशाला आणली?" मी विचारलं. "सवय हाय," ते म्हणाले. "चुकून फेटा बांधणारा न्हाई आला तर?"

मी स्टेजकडे पाहिलं. टेबलावर चार फेटे मांडून ठेवले होते. रेडीमेड, आतून पुठ्ठा, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. सत्काराला माणसं शंभराच्या घरात. एकाच्या डोक्यावर फेटा ठेवायचा, फोटो काढायचा, फेटा उचलायचा आणि पुढच्याच्या डोक्यावर ठेवायचा, असं चाललं होतं. गुरुजींचं नाव पुकारलं. ते वर गेले. फेटा ठेवला गेला, तो त्यांच्या लहानशा डोक्यावरून थेट चष्म्यापर्यंत उतरला. फोटो झाला. गुरुजी हात जोडायला वाकले, तोच शेजारी उभ्या कार्यकर्त्याने फेटा उचलला. "द्या सर इकडं, पुढच्याला लागतोय."

गुरुजी खाली आले. टकुरं उघडं. आम्ही बाहेर पायऱ्यांवर येऊन उभे राहिलो.

"पुठ्ठा टोचत व्हता," गुरुजी एवढंच म्हणाले.

साजिया मॅडमनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली. "बसा, सर."

"इथं? मॅडम, लोक हायेत."

"बसा म्हणून राह्यले ना. अन् हे दातात धरा, बोलू नका."

गुरुजी पायरीवर बसले. मॅडमनी कापडाचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन पीळ भरला. त्या घरी सराव करत होत्या. घागरीला, सोफ्याच्या हाताला, सासऱ्यांना बांधून पाहत होत्या, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. पहिल्या वेढ्याला गुरुजींचे कान आत गेले. दुसऱ्याला भुवया वर सरकल्या. मी मनातल्या मनात म्हणालो, बरोबर आहे, आता बालपण आठवत असेल. तुरा निघाला, शेमला सुटला. जराही कललेला नव्हता.

झुंबरबाईंनी पाहिलं, पुढे आल्या आणि दोन्ही हात गुरुजींवरून ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. "आता दिसला नवरदेव," म्हणाल्या. "बँडवाल्याची जिरली."

गुरुजींना बोलायचं होतं, पण टोक अजून दातातच होतं. ते नुसते "हूं" म्हणाले.

तोवर हॉलमधून उघड्या डोक्यांची रांग बाहेर येत होती. भोकरदनचे एक मास्तर थबकले. "मॅडम, आमालाबी बांधता का? आमचा काढून घेतला." त्यांच्यामागे मंठ्याच्या बाई. "मलापण!" गुरुजींनी दातातलं टोक फेट्यात खोचलं, बाह्या वर केल्या आणि पिशवी उपडी केली. एका पायरीवर साजिया मॅडम, दुसऱ्या पायरीवर गुरुजी. पिशवीतली कापडं संपेपर्यंत पायऱ्यांवर भगवे, गुलाबी, पिवळे तुरे उगवत राहिले. राधेश्याम सर बाहेर आले, बघत उभे राहिले आणि कुणी काही विचारायच्या आत गुपचूप पायरीवर जाऊन बसले. स्टेशनकडे जाणारे ऑटोवाले थांबून विचारत होते, लग्न कुणाचं आहे.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी फेटा काढला नाही. गाडीच्या छताला तुरा लागत होता म्हणून मान खाली घालून बसले होते. झुंबरबाईंनी विचारलं, "इचार करून राह्यले का?"

"हूं," गुरुजी म्हणाले.

मेअखेर ते निवृत्त झाले. जूनमध्ये त्या ॲपऐवजी दुसरं ॲप आलं, जुने बॅज त्यात आले नाहीत. साजिया मॅडमची जाफराबाद तालुक्यात बदली झाली. गुरुजी आता मुलाकडे पुण्याला असतात, आणि बोरगव्हाणमध्ये कार्यक्रम असला की गावकरी जुन्या जालन्यातून रेडीमेड फेटे आणतात.